आखरीवाला

अशी कल्पना करा की तुम्ही एका टेबलासमोर बसला आहात. समोर लाकडाची पाटी आहे. पाटीत ओळीने खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत एक पितळेची रिकामी पुंगळी तोंड वर करून उभी आहे. पुंगळी म्हणजे पिस्तुलातून गोळी सुटल्यावर मागे उरतं ते कवच. ती धुतलेली, घासलेली आहे आणि तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवलेली आहे. आता तुम्हाला प्रत्येक पुंगळीत चमच्याने चिमूटभर दारू टाकायची आहे. चिमूट एकच, कमी नाही की जास्त नाही. कमी पडली तर गोळी पिस्तुलाच्या नळीतच अडकेल. दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटेल. आणि ते पिस्तूल तुमच्या हातात नसेल. भिंतीपलीकडे कानांवर जाड झाकणं लावून उभ्या असलेल्या कुणाच्या तरी हातात असेल.

समाधान तायडे हे काम दोन वर्षं करत होता, आणि त्या दोन वर्षांत टेबलाशी बसताना त्याला भीती वाटली नाही असा एकही दिवस गेला नव्हता.

तो भुसावळजवळच्या एका गावचा. आयटीआयचा फिटर. शहाण्णव साली शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजवर आला, तिथे तीन वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली. मग ओळखीतून शहराबाहेरच्या एका नेमबाजीच्या क्लबात हेल्परची जागा मिळाली. लक्ष्यांचे कागद बदलायचे, लक्ष्यांमागचा रेतीचा बांध सारखा करायचा, जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या झाडून गोळा करायच्या. पंख्याखाली काम आणि वर छप्पर. गॅरेजच्या मानाने स्वर्गच म्हणायचा.

पुंगळ्या आधी भंगारात जायच्या. मग क्लबचा मॅनेजर कुरियन याने हिशेब मांडला. सरावाची नवी गोळी बाहेरून आणायची तर दीड दिरहम पडायचा. तीच पुंगळी पुन्हा भरली तर पाऊण दिरहमात काम व्हायचं. पितळ तर फुकटच होतं. कुरियन केरळातल्या कोट्टयमचा, उंच, गळ्यात शिट्टी घालून फिरणारा. रेंजवर गोळीबार चालू असताना देखरेखही तोच करायचा. त्याने परवानग्या काढल्या, हाताने दाबायचं एक यंत्र मागवलं आणि मागच्या खोलीत दोन माणसं बसवली. एक लियाकत, दुसरा समाधान.

लियाकत पाकिस्तानातल्या गुजरात नावाच्या शहराचा. पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा, शांत माणूस. त्याच्या गावाकडे काका-मामा पिढ्यान् पिढ्या बंदुका दुरुस्त करायचे, त्यामुळे त्याला भीती अशी नव्हतीच. समाधानचं नाव ऐकून पहिल्याच दिवशी तो हसला होता. उर्दूत शमादान म्हणजे पेटती मेणबत्ती ठेवायची बैठक. तेव्हापासून तो त्याला त्याच नावाने हाक मारायचा.

“बारूद के कमरे में शमादान,” तो म्हणायचा, “अल्ला खैर करे.”

समाधान हसायचा, पण त्याला ते हसण्यासारखं वाटायचं नाही.

शब्दांवरून आणखी एक भानगड सुरुवातीलाच होऊन गेली होती. कार्ड घालून फोन करायच्या बूथवरून त्याने बायकोला, ममताला, नवं काम सांगितलं होतं. मोठ्या आवाजात सांगितलं होतं, कारण पलीकडे गावच्या बूथवर काही ऐकू जात नसे. “मी आता दारू भरतो, अगं दारू! दिवसभर दारूच भरायची!” मागे रांगेत त्याच्या कामगार कॅम्पमधली पाचसहा माणसं उभी होती. त्यांना मराठी येत नव्हती, पण तेवढा एक शब्द सगळ्यांना येत होता. शारजात दारूला पूर्ण बंदी. चार दिवस खोलीतला कुणी त्याच्याशी नीट बोलेना, आणि एकाने तर रात्रीच्या जेवणावरून उठवून बाहेर नेलं आणि हळूच विचारलं, की बाटली कितीला देतोस. तेव्हापासून समाधानने तो शब्द तोंडातून काढून टाकला. हिंदीत बोलताना तो ‘पावडर’ म्हणायचा. घरी बोलतानाही ‘पावडर’च. पहिल्या फोनवर ममताला नीट ऐकूच आलं नव्हतं, त्यामुळे तिला बराच काळ आपला नवरा टाल्कमच्या कारखान्यात आहे असं वाटत होतं.

क्लबात मराठी बोलणारं एकच माणूस यायचं. शोभना दीक्षित. दुबईत एका बँकेत अधिकारी, मूळच्या पुण्याच्या, नवरा चारुदत्त जहाजांच्या कंपनीत आणि मुलगी शाळेत. दर शुक्रवारी सकाळी त्या एकट्या गाडी चालवत यायच्या, नऊ एमएमचं भाड्याचं पिस्तूल घ्यायच्या आणि तासभर नेम धरायच्या. नव्या गोळ्या त्यांनी कधी मागितल्या नाहीत.

“दीड दिरहम, म्हणजे जवळजवळ वीस रुपये,” त्या समाधानला म्हणायच्या, “एका ठो-ला वीस रुपये? आणि लागते कुठे, तर कागदाच्या कोपऱ्यात. मला आपली तुमच्या हातचीच द्या, समाधान.”

हे त्या कौतुकाने म्हणायच्या. समाधानला मात्र ‘तुमच्या हातची’ ऐकलं की घाम फुटायचा. गावाकडे बाई असं भाकरीबद्दल म्हणते. भाकरी करपली तर माणूस उपाशी राहतो, डोळा जात नाही. शुक्रवारी तो मागच्या खोलीत बसून भिंतीपलीकडचे आवाज ऐकत राहायचा. ठो. ठो. प्रत्येक आवाज सारखा आला की एक घोट पाणी पिऊन पुढच्या आवाजाची वाट पाहायचा. लियाकत म्हणायचा, तू असा कान लावून बसलास तर एक दिवस कानातून बारूद निघेल.

भीती होती म्हणून समाधानने शिस्त लावून घेतली होती. पाटीतल्या ओळी वरून खाली भरायच्या, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे. पूर्ण पाटी भरली की टॉर्च घेऊन एकेका पुंगळीत डोकवायचं, सगळ्यांत सारखी पातळी दिसली की मगच वर शिशाची गोळी ठेवायची आणि यंत्राने दाबायची. भरणं बहुतेक तोच करायचा. लियाकत यंत्र दाबायचा, खोकी भरायचा, खोक्यांवर मार्करने लिहायचा. पाटीला लियाकतने हात लावायची वेळ क्वचित यायची.

दोन हजार एक सालच्या थंडीतल्या एका शुक्रवारी ती वेळ आली.

सकाळपासून गर्दी होती. तेल कंपनीचा एक गट सहलीला आल्यासारखा आला होता आणि भरलेली खोकी संपत चालली होती. कुरियन दोनदा दारात येऊन ‘यल्ला, यल्ला’ अशी घाई करून गेला. समाधान शेवटच्या पाटीवर होता. खालची ओळ तेवढी राहिली होती आणि तिच्यातल्या डावीकडच्या चार पुंगळ्या भरून झाल्या होत्या, तेवढ्यात ऑफिसातला पोऱ्या सांगत आला की इंडियातून फोन आहे.

ऑफिसात फोन म्हणजे वाईट बातमी. गेल्या वेळी आला होता तो वडील गेल्याचा. चमचा खाली ठेवून समाधान धावत गेला, आणि जाताना मनात एकच नाव घोळत होतं, आईचं.

फोनवर ममता हसत होती. आपल्या घरी फोन आला, ती म्हणाली. आत्ताच लाइनमन जोडून गेला, पहिला फोन तुम्हालाच केला, आई इथेच बसल्यात, बोला. मग आई बोलली. काय बोलायचं ते तिला सुचेना, म्हणून तिने शेजाऱ्यांची म्हैस कितीला गेली ते सांगितलं. समाधान उगाच डोळे पुसत उभा राहिला. परत आला तो हसतच आला. दोन वर्षं त्याच्या मनात बसलेली भीती त्या पाच मिनिटांपुरती कुठेतरी बाहेर गेली होती.

लियाकत त्याच्या खुर्चीवर बसला होता. कुरियन तिसऱ्यांदा येऊन गेला म्हणून त्याने ओळ पुढे भरायला घेतली होती. समाधानला पाहून तो उठला.

“खैरियत?”

“घर पे फोन लग गया, लियाकतभाई. अपना खुद का.”

लियाकतने त्याची पाठ थोपटली, मिठाई कधी ते विचारलं आणि यंत्राकडे वळताना म्हणाला, “बस आखरीवाला रह गया है, भर दे.”

समाधानने ओळीच्या टोकाला असलेल्या, अगदी उजवीकडच्या शेवटच्या पुंगळीत दारू टाकली. दारातून कुरियनचा आवाज आला, आणि टॉर्च जिथे होता तिथेच राहिला. त्या एका पाटीला समाधानने टॉर्च लावला नाही. शिशाच्या गोळ्या भराभर ठेवल्या, लियाकतने भराभर दाबल्या आणि तयार काडतुसं टेबलावरच्या टबात ओतली. टबात सकाळच्या आधीच्या पाट्यांचीही होती. खोकी भरली गेली. पहिली दोन-तीन कुरियन स्वतः उचलून घेऊन गेला.

आता उरलेल्या खोक्यांवर लियाकत मार्करने लिहू लागला. समाधान चहा ओतत होता. घरच्या फोनचा नंबर त्याने हातावर लिहून घेतला होता, तो पाठ करत तो सहज लियाकतच्या हाताकडे बघत होता. लियाकतने मार्कर खोक्याच्या उजव्या टोकाला टेकवला आणि उर्दूत लिहीत लिहीत डावीकडे आला. शब्द संपला तिथे, डाव्या टोकाला, त्याने एक टिंब दिलं.

चहा कपाबाहेर सांडू लागला तरी समाधानला कळलं नाही.

“लियाकतभाई,” तो म्हणाला, “तुम किधर से भर रहे थे?”

लियाकतला प्रश्न कळला नाही. समाधानने पाटी त्याच्यासमोर ठेवली, खालच्या ओळीवर बोट ठेवलं. लियाकतने, यात विचारण्यासारखं काय आहे अशा चेहऱ्याने, उजव्या टोकाला बोट ठेवलं आणि एकेक खाच मोजत डावीकडे आला. समाधानने भरलेल्या चार पुंगळ्यांच्या शेजारी, पाचव्या खाचेवर, त्याचं बोट थांबलं.

“ये था आखरी,” तो म्हणाला. आणि मग त्याचाही चेहरा बदलला.

पाचव्या खाचेतली रिकामीच राहिली होती. उजवीकडच्या शेवटच्या पुंगळीत दोनदा पडली होती. आणि दोन्ही गोळ्या आता टबात, खोक्यांत, कुठेतरी होत्या.

भिंतीपलीकडे ठो ठो चालू होतं.

मागच्या खोलीचं दार आणि रेंजचं दार यांच्यामध्ये एक मोकळं अंगण होतं. ते त्याने कसं ओलांडलं हे समाधानला पुढे कधी आठवलं नाही. रेंजच्या अलीकडे काचेची भिंत होती, काचेला दार आणि दाराशी कुरियनचं टेबल. टेबलावर एक लाल बटण होतं. ते दाबलं की आत सगळ्यांच्या डोक्यावर लाल दिवा लागायचा आणि सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवायची. बटणाला कुरियनशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

काचेपलीकडे शोभना मॅडम पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या शेजारच्या फळीवर लियाकतने भरलेलं खोकं उघडं होतं.

समाधानच्या तोंडात दोन वर्षं जपलेला ‘पावडर’ हा शब्द त्या क्षणी आला नाही. आईकडून शिकलेला शब्द आला.

“सर, बंद करो,” तो धापा टाकत म्हणाला, “दारू… दारू डबल हो गया सर!”

कुरियनला हिंदी जेमतेम यायची. त्याने समाधानकडे पाहिलं. लाल डोळे, अंगावर सांडलेलं काहीतरी. त्याने झटकन उठून त्याची कॉलर पकडली, त्याला भिंतीशी नेलं आणि नाक त्याच्या तोंडाजवळ आणलं. हळू आवाजात, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, तो इंग्रजीत विचारत होता, की ड्यूटीवर प्यायलास? इथे? शारजात? क्लबाला टाळं लावायचंय का?

समाधान नाही नाही म्हणत होता आणि त्याला त्या वाकलेल्या माणसाच्या खांद्यावरून काच दिसत होती. शोभना मॅडमनी चाप ओढला. शेजारच्या तेलवाल्यांच्या गोळ्यांच्या आवाजात त्यांच्या पिस्तुलाचा आवाज आला की नाही, कळलं नाही. पिस्तुलाचा वरचा भाग मागे गेला नाही, पुंगळी उडाली नाही. त्यांनी पिस्तुलाकडे जरा पाहिलं. मग वरचा भाग हाताने मागे ओढला, पुंगळी खाली पाडली आणि सोडला. तो पुढे जाऊन बसला, म्हणजे पुढची गोळी चढली. त्यांनी हात पुन्हा सरळ केले.

कुरियनच्या हातात कॉलर होती. समाधानने शर्टाची बटणं तुटू दिली आणि टेबलावर झेप घेऊन लाल बटणावर पूर्ण तळवा मारला.

आतला दिवा लाल झाला. शोभना मॅडमनी मान वर करून दिव्याकडे पाहिलं. त्यांचं बोट चापावर होतं. मग त्यांनी पिस्तूल, तोंड पुढे ठेवून, हळूच फळीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे झाल्या.

त्या काचेच्या दारातून कानांवरची झाकणं उतरवत बाहेर आल्या तेव्हा समाधान जमिनीवर बसला होता आणि कुरियन फोनकडे हात नेत होता. त्याने त्यांना इंग्रजीत सांगितलं, की माफ करा मॅडम, हा प्यायलेला आहे. समाधानने त्यांच्याकडे पाहिलं.

“मॅडम, दारू,” तो मराठीत म्हणाला. “एकीत पडलीच नाही. एकीत दोनदा पडली.”

शोभना मॅडमना क्षणभर कळलं नाही. पुण्याच्या, बँकेतल्या बाई. त्यांच्या बोलण्यात हा शब्द त्या अर्थाने क्वचितच यायचा. मग दारूगोळा, शोभेची दारू, असं काहीतरी डोक्यात जुळलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला समाधानला दिसला.

“ही वॉज टॉकिंग अबाउट गनपावडर,” त्या कुरियनला म्हणाल्या. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत मराठीत, जणू त्या हातालाच, म्हणाल्या, “आत्ताची वाजलीच नव्हती ना.”

कुरियनने पिस्तूल स्वतः रिकामं केलं, नळी काढली आणि खिडकीच्या उजेडाला धरून आरपार पाहिलं. आरपार काही दिसलं नाही. नुसत्या टोपीच्या जोरावर सरकलेलं शिसं मध्यावर बसलं होतं. त्याच्या मागून दुसरी गोळी सुटली असती तर नळीचं काय झालं असतं, हे त्या खोलीत उभ्या असलेल्या कुणाला सांगावं लागलं नाही. कुरियनने नळी टेबलावर ठेवली. नंतर त्याने समाधानच्या शर्टाकडे पाहिलं आणि आत जाऊन स्वतःचा एक शर्ट आणून दिला. तो समाधानला गुडघ्यापर्यंत यायचा.

रेंज बंद झाली. पाहुण्यांना पैसे परत गेले. उघडलेली, न उघडलेली सगळी खोकी मागच्या खोलीत परत आली, आणि समाधान आणि लियाकत समोरासमोर बसून एकेक काडतूस पुन्हा फोडू लागले. शिसं एकीकडे, दारू दुसरीकडे. प्रत्येक फोडताना समाधान श्वास धरायचा. एक चिमूट. एक चिमूट. एक चिमूट. दुपारची अजान झाली, लियाकत नमाज पढून आला, पुन्हा बसला. टबाखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, कोपऱ्यातली रेती चाळली. शेवटचं काडतूस फुटलं तेव्हा त्यातही एकच चिमूट निघाली.

दोनदा भरलेली सापडली नाही.

“चल गयी होगी,” लियाकत म्हणाला. “पिस्तौल मजबूत था, सह गया. अल्ला ने रखा.” थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला, आणि या वेळी हात जोडून म्हणाला, “गलती मेरी थी, शमादान. मुझे बोलना चाहिये था, किस तरफ का.”

समाधानला तसं वाटलं नाही. टॉर्च लावायचा त्याने सोडला होता. पण कुणाची चूक किती यापेक्षा त्याला एकच गोष्ट कुरतडत होती. चालली असेल, तर कुणाच्या हातून?

पुढच्या शुक्रवारी शोभना मॅडम आल्या. येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांनी नव्या गोळ्या घेतल्या, नेहमीपेक्षा निम्म्याच, आणि आत जाण्याआधी मागच्या खोलीपर्यंत आल्या. खोलीत आता यंत्रावर प्लास्टिक घातलं होतं. कुरियनने ‘खलास’ म्हणून विषय संपवला होता. त्यांनी समाधानला पेढ्यांचा एक पुडा दिला. घरी चारुदत्तला सांगितलेलं नाही, म्हणाल्या, सांगितलं तर तो मला येऊ देणार नाही. मग समाधानने आठवडाभर मनात धरलेलं विचारलं.

“मॅडम, त्या दिवशी, अडकली त्याच्या आधी सात-आठ तुम्ही मारल्या होत्या. त्यातली एखादी हाताला जड लागली होती का? धक्का जास्त?”

त्यांनी खरंच विचार केला. मनगट दुसऱ्या हाताने धरून पाहिलं.

“धक्का तर दर वेळी लागतो हो,” त्या म्हणाल्या. “आता तुम्ही विचारलंत म्हणून वाटतंय, एक लागली असेल. पण तुम्ही विचारलंत म्हणूनच वाटतंय.”

तेलवाल्यांना विचारायची सोय नव्हती. कोणी कुठल्या खोक्यातून किती मारल्या, हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि ते पुन्हा आले नाहीत.

समाधान त्याच वर्षी क्लब सोडून अबू धाबीकडच्या रुवैसला गेला. तिथल्या रिफायनरीच्या एका ठेकेदाराकडे तो व्हॉल्व्ह दुरुस्त करतो. काम जड आहे, उन्हाळा भाजून काढतो, पण तिथे जे फुटायचं असतं त्याला माप लावून तपासणारी माणसं वेगळी आहेत. शुक्रवारी तो घरी फोन लावतो. ममता आता त्याला ‘पावडर’ का म्हणायचात म्हणून चिडवते. अधूनमधून लियाकतचा फोन येतो. तो अजून शारजात आहे, अजून ‘शमादान’ म्हणतो आणि विचारतो, मिठाई राहिली ती कधी देणार.

समाधानने एक सवय मात्र धरली आहे. कुणी त्याला ‘शेवटचं घे’, ‘शेवटचं आवळ’ म्हटलं की तो हातातला पाना खाली ठेवतो आणि विचारतो, कुठल्या बाजूने शेवटचं? लोक हसतात. तो हसत नाही. कारण अडकलेली गोळी त्याने डोळ्यांनी पाहिली आहे, तिची त्याला आता भीती नाही. भीती त्या दुसरीची आहे, जी असायलाच हवी होती आणि कुठेच निघाली नाही. ती त्या सकाळी कुणाच्या तरी हातून सुटली आणि त्या माणसाला कळलंही नाही? की एखाद्या खोक्याच्या दुमडीत, कुणाच्या खिशात, कुठल्या तरी ड्रॉवरच्या मागे ती अजूनही पडून आहे आणि आपल्या चापाची वाट पाहते आहे?